आधी ३० एप्रिलचं पान उघडा, मग पैसे काढा

विदर्भातल्या शाळेच्या परिपाठासाठी दिनविशेषाची पुस्तिका घ्यायची असेल, तर मुखपृष्ठावरचे फोटो आणि ‘हजारो घटना’वाली लाल पट्टी बघत बसू नका. दुकानात उभ्या उभ्या ३० एप्रिलचं पान काढा. दादासाहेब फाळके (१८७०, त्र्यंबकेश्वर) तिथं असणारच. बर्लिनमध्ये हिटलरनं आत्महत्या केली (१९४५) हेही असणार. पण याच तारखेला १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत तुकडोजी महाराज जन्मले, आणि १९३६ साली याच तारखेला गांधीजी वर्ध्याहून सेगावात राहायला गेले. सेगावचं सेवाग्राम झालं ते पुढं १९४० मध्ये. या दोन्ही नोंदी असतील तर पुस्तिका करणाऱ्यानं विदर्भाकडे मान वळवून पाहिलं आहे. एक असेल तर बाकीची पानं चाळा. एकही नसेल तर पुस्तिका परत मांडणीवर ठेवा.

आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात दिनविशेष तीन रूपांत मिळतो: शाळेसाठीची पुस्तिका, भिंतीवरचं कॅलेंडर आणि रोज मोबाइलवर येणारी चित्राची पट्टी. नावं घेऊन उपयोग नाही, कारण मजकूर बराचसा एकमेकांवरून उतरवलेला असतो. एकाची चूक दुसऱ्याच्या पानावर त्याच शब्दांत सापडते. म्हणून इथं परीक्षण मालाचं आहे, दुकानाचं नाही.

पुस्तिकेपासून सुरुवात करू, कारण शाळा पैसे तिच्यावरच घालते.

एका पानावर दोन दिवस धरले तरी १८३ पानं होतात. एवढ्या जाडीला मधोमध मारलेल्या दोन पिना पुरत नाहीत. दिवाळीपर्यंत मधली पानं हातात येतात. नुसत्या गोंदाची बांधणी दिसायला छान, पण आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखालच्या कपाटात तो गोंद वाळून तडकतो. जूनअखेर शाळा उघडते तेव्हा ‘जानेवारी’ एकीकडे आणि ‘जुलै’ दुसरीकडे. स्पायरल चालेल, पुस्तिका टेबलावर सपाट उघडी राहते; मात्र कागद पातळ असला तर भोकं फाटतात. दोऱ्याची शिलाई मिळाली तर डोळे झाकून घ्या. अक्षर बारा पॉइंटपेक्षा लहान नको. ते वाचणार आहे चौथी-पाचवीतलं पोर, तेही शंभर जणांसमोर, हात थरथरत असताना.

आणि तिथंच मजकुराची खरी कसोटी लागते. ‘१९३६ : म. गांधी सेगावला’ अशी नोंद असली की पोर ‘म गांधी’ असंच वाचतं. ‘ज.’ आणि ‘मृ.’चंही तेच. ‘इ.स.पू.’ तर कुणालाच धड वाचता येत नाही. चांगल्या पुस्तिकेत पूर्ण वाक्य असतं: ‘१९३६ साली आजच्या दिवशी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव या गावी राहायला आले.’ अशी पुस्तिका जाड होते, तीन नोंदी कमी बसतात, आणि तरीही तीच घ्यावी. सगळ्यांना सरसकट ‘मृत्यू’ लावलेली पुस्तिकाही टाळा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण, ८ सप्टेंबरला शेगावच्या गजानन महाराजांची समाधी, २१ ऑक्टोबरला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बाबूराव शेडमाके यांची फाशी (१८५८, चंद्रपूर): हे शब्द गावात सगळ्यांच्या तोंडी आहेत. छापताना ते गेले की ऐकणाऱ्याला खटकतं.

आकड्यांची गोष्ट वेगळी. देवनागरीत १ आणि ९ जवळचे भाऊ. शाई पसरली किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात उतरवताना घोळ झाला, की एकाचा दुसरा होतो. तुकडोजी महाराजांचं जन्मसाल १९०९ म्हणजे छपाईची परीक्षाच. तिथं १९०१ दिसलं तर नवल वाटायला नको. ताडून बघायची सोपी रीत: एकाच माणसाची दोन्ही पानं काढा. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव. निधन २० डिसेंबर १९५६, वलगावजवळ. वजाबाकी ऐंशीच्या आसपास यायला हवी. बाबा आमटे: २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाट, आणि ९ फेब्रुवारी २००८, आनंदवन. वसंतराव नाईक: १ जुलै १९१३, गहुली, आणि १८ ऑगस्ट १९७९, सिंगापूर. या सहा पानांत दोन चुका निघाल्या तर उरलेल्या तीनशे साठ दिवसांचा काय भरवसा?

काही चुका छपाईच्या नसतात, समजुतीच्या असतात. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन सी. व्ही. रामन यांची जयंती म्हणून छापलेला आढळतो. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ ही ‘रामन परिणाम’ जाहीर झाल्याची तारीख. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा बालिका दिन महाराष्ट्राचा, २४ जानेवारीचा राष्ट्रीय बालिका दिन वेगळा. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाचा मराठी भाषा गौरव दिन, आणि राजभाषा दिन १ मे. ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन आपला, ५ ऑक्टोबरचा जगाचा. या जोड्या ज्या पुस्तिकेत सरळ लावलेल्या असतील, तिच्या संपादकानं काम केलं आहे असं समजा.

पंजाबराव देशमुखांचं पान तर जरूर तपासा: २७ डिसेंबर, जन्म १८९८, पापळ. बहुतेक ठिकाणी ‘भारताचे पहिले कृषिमंत्री’ एवढंच असतं. १९४७ च्या मंत्रिमंडळात अन्न आणि कृषी खातं राजेंद्र प्रसादांकडे होतं. भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव, कृषिमंत्री झाले ते १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, आणि १९६२ पर्यंत राहिले. ‘पहिले’ काढल्यानं त्यांचं काही कमी होत नाही. उलट त्या पानावर त्यांनी काढलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेला एक ओळ दिली असती तर वऱ्हाडातल्या निम्म्या शाळांना आपलं मूळ सापडलं असतं. त्याच पानावर मिर्झा गालिब (१७९७) आणि कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा गायलेलं ‘जन गण मन’ (१९११) हमखास असतात. असायलाच हवेत. पण मग पापळही हवं.

विदर्भाची उपासमार सगळ्यात जास्त दिसते १६ ऑगस्टला. निधनाच्या नोंदींत रामकृष्ण परमहंस (१८८६) असतात, अटलबिहारी वाजपेयी (२०१८) असतात, अमेरिकेतला गायक एल्व्हिस प्रेस्लीसुद्धा (१९७७) असतो. १९४२ साली याच दिवशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला लोक उठले, पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, हे मात्र गायब. १५ एप्रिलला टायटॅनिक बुडतं (१९१२), पण त्याच तारखेला अमरावतीत सुरेश भट जन्मले (१९३२) याचा पत्ता नसतो. २६ ऑगस्टला मदर तेरेसा (१९१०) आहेत. १९८२ मध्ये त्या दिवशी गडचिरोली जिल्हा झाला, ते नाही. गडचिरोलीच्या शाळेत हे पान वाचलं जातं तेव्हा ते किती विनोदी वाटत असेल!

आता तिथी आणि तारीख. इथं पुस्तिका सगळ्यात जास्त फसवते, आणि घेणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

२३ फेब्रुवारीच्या पानावर गाडगेबाबांसोबत ‘संत गजानन महाराज प्रकट दिन’ असं छापलेलं असतं. महाराज शेगावला दिसले ती तारीख २३ फेब्रुवारी १८७८ हे खरं. पण उत्सव होतो तिथीनं, माघ वद्य सप्तमीला. २०२३ मध्ये तो १३ फेब्रुवारीला आला, २०२४ मध्ये ३ मार्चला, २०२५ मध्ये २० फेब्रुवारीला. पुस्तिकेवर विसंबून २३ तारखेला फळ्यावर ‘आज प्रकट दिन’ लिहिलं, तर एकतर गावातून वारी जाऊन आलेली असते आणि महाप्रसादही संपलेला असतो, नाहीतर उत्सव अजून यायचाच असतो. समाधी ८ सप्टेंबर १९१० ची, पण ती पाळली जाते ऋषिपंचमीला. तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं. त्यांच्या गुरुकुंज मोझरीच्या आश्रमातली मौन श्रद्धांजली मात्र आश्विन वद्य पंचमीला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली तो दिवस विजयादशमीचा. म्हणून दीक्षाभूमीवर दसऱ्यालाही गर्दी असते आणि १४ तारखेलाही मान असतो. चंद्रपूरची दीक्षा १६ ऑक्टोबरची. ती तर पुस्तिकेत क्वचितच सापडते.

चांगल्या पुस्तिकेत अशा नोंदीपुढं ‘तिथीनुसार’ एवढा एक शब्द तरी असतो. नसेल तर वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी घेऊन पेन्सिलीनं खुणा करा. तासाभराचं काम आहे. गोंदिया-भंडारा-नागपूरकडे घरात हिंदी पंचांग असतं, तिथं आणखी एक खाच आहे. त्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपली माघ वद्य सप्तमी तिथं फाल्गुन कृष्ण सप्तमी असते. आपला पोळा श्रावण अमावास्येचा, त्यांच्याकडे ती भाद्रपद अमावास्या. दिवस तोच, नाव वेगळं. शुक्ल पक्षात हा घोळ नाही.

शिवजयंतीवर दरवर्षी एखादा हुशार विद्यार्थी विचारतो. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली. आजच्या ग्रेगोरियननं तो दिवस १ मार्च १६३० येतो. तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ सुद्धा ज्युलियनच. इंग्रजांनी नवी गणना १७५२ मध्ये घेतली आणि २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. रशियानं आणखी उशीर केला, म्हणून तिथली ‘ऑक्टोबर क्रांती’ पुस्तिकेत ७ नोव्हेंबरला सापडते. एवढं शेवटच्या पानावर चार ओळींत छापायला काय हरकत आहे? पण छापत नाहीत. फळ्यावर मात्र स्वतः बेरीज-वजाबाकी करून तारीख बदलू नका. सरकारी जयंती १९ फेब्रुवारीचीच आहे.

मोबाइलवरची पट्टी फुकट असते आणि तिची किंमत तेवढीच. अक्षरं चित्रातच बसवलेली असतात, त्यामुळे शोधता येत नाही, निवडून उतरवता येत नाही. चार गटांतून फिरून आली की चित्र दाबलं जाऊन धूसर होतं, आणि पुन्हा १-९ चा खेळ सुरू. खाली कुणाच्या तरी शुभेच्छा नाहीतर दुकानाची जाहिरात, ती मात्र ठळक. वेळेचाही मेळ नाही: उन्हाळ्यात सकाळपाळीची शाळा सातला भरते, पट्टी येते आठला. मेळघाटात, भामरागडकडे रेंजच्या भरवशावर परिपाठ ठेवणं म्हणजे पाहुण्याच्या भरवशावर स्वयंपाक न करणं. पट्टी वापरायचीच असेल तर आदल्या दिवशी देणारी बघा, आणि दुपारीच वहीत उतरवून घ्या.

मजकुराचा दोष याहून मोठा. बरीचशी पट्टी परदेशी यादीवरून भाषांतरित केलेली असते. ९ फेब्रुवारीला ‘राष्ट्रीय पिझ्झा दिन’ दिसला तर ते राष्ट्र अमेरिका आहे हे कळायला सोय नसते. त्या दिवशी वरोऱ्याच्या शाळेत बाबा आमटेंच्या स्मृतिदिनाऐवजी पिझ्झा वाचायचा का? पट्टी तपासायची सोपी खूण: ‘राष्ट्रीय’ शब्दामागं देशाचं नाव नसेल तर ती ओळ सोडून द्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिथी, सण, संकष्टी, चंद्रोदय यासाठी त्याला तोड नाही, आणि वर दिलेल्या पेन्सिलीच्या खुणा त्याच्याशिवाय होत नाहीत. दिनविशेष त्यात नावापुरता: चौकोनात एक ओळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा छापलेला आहे का एवढं पाहून घ्या. तेवढ्यावरून ते कुणासाठी छापलंय ते समजतं.

चौथा माल विकत मिळत नाही, फुकट मिळतो, आणि तिन्हींपेक्षा भरवशाचा आहे. राज्य शासनाचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी कार्यालयांत साजऱ्या करायच्या जयंत्या आणि दिनांचं परिपत्रक काढतो. तिथीनं येणाऱ्या जयंत्यांची त्या वर्षीची तारीख त्यात लावलेली असते. ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत त्याची प्रत असते. ती पुस्तिकेच्या पहिल्या पानाला चिकटवा आणि दोघांत फरक दिसला तर परिपत्रकाचं ऐका.

मग पुस्तिकेतली भोकं कशी बुजवायची? पातळ कागदाच्या पट्ट्या करून त्या त्या पानावर डकवायच्या. फेव्हिकॉल नको, पान कडक होऊन मोडतं, साधी खळ बरी. वर आलेल्या तारखा धरून सुरुवातीला एवढ्या पुरतील. १२ जानेवारी: विवेकानंदांच्या आधी सिंदखेडराजा आणि जिजाऊ (१५९८). १४ जानेवारी: संक्रांतीच्या तिळगुळाखाली दबलेली विदर्भ साहित्य संघाची स्थापना (१९२३, अमरावती). ११ फेब्रुवारी: जमनालाल बजाज यांचं वर्ध्यात निधन (१९४२). १० मे: कवी ग्रेस (१९३७, नागपूर). १ जुलैला कृषी दिनासोबत वाशिम जिल्हा (१९९८). शाळा नुकती उघडलेली असते, पेरणीचा हंगाम, ऐकणाऱ्या घरांत ‘कृषी’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ८ जुलै: गो. नी. दांडेकर (१९१६, परतवाडा). २८ सप्टेंबर: नागपूर करार (१९५३). २० ऑक्टोबर: अकोल्याचं कृषी विद्यापीठ (१९६९). १५ नोव्हेंबर: बिरसा मुंडा (१८७५) आणि पवनारला विनोबांचा देह ठेवणं (१९८२). २३ नोव्हेंबर: नागपुरात मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले (१९९४). २६ नोव्हेंबरला संविधान दिनासोबत सीताबर्डीची लढाई (१८१७).

१ मे मुद्दाम वेगळा ठेवला. महाराष्ट्र दिन, कामगार दिन, अमरावती विद्यापीठ (१९८३), गोंदिया जिल्हा (१९९९), शिवाय निकालाचा दिवस. त्या सकाळी झेंड्यासमोर पोरांचं लक्ष फक्त गुणपत्रिकेकडे असतं. एकच नोंद वाचा आणि सोडा.

रोजच्यासाठीही तीनच नोंदी: एक जवळची, एक देशाची, एक जगाची, याच क्रमानं. चार फूट रुंद, तीन फूट उंच फळ्यावर दोन इंची अक्षरात सहा-सात ओळी मावतात. दहा नोंदी कोंबल्या तर रस्त्यावरून जाणाऱ्याला एकही वाचता येत नाही. फळा चकचकीत ऑइल पेंटचा केला असेल तर खडू घसरतो. फळ्याचा मंद काळा रंगच हवा. नवा रंग वाळल्यावर आधी अख्ख्या फळ्यावर खडू आडवा घासून पुसून घ्या. तसं न करता लिहिलेल्या पहिल्या दिवसाचा दिनविशेष वर्षभर मागून डोकावत राहतो.

निवाडा हवा असेल तर असा: शिलाईची, पूर्ण वाक्यांची, ३० एप्रिल आणि १६ ऑगस्टला उत्तीर्ण झालेली पुस्तिका मिळाली तर शंभराच्या आतबाहेर पैसे देऊन एक घ्या, दरवर्षी नवी घेण्याची गरज नाही. तशी न मिळाल्यास सगळ्यात स्वस्त घेऊन पट्ट्या डकवा. मोबाइलची पट्टी नुसती आठवण म्हणून ठेवा. आणि पैसे देण्याआधी २९ फेब्रुवारीचं पान आहे का बघा: तिथं मोरारजी देसाई (१८९६) भेटले पाहिजेत. २८ नंतर थेट १ मार्च आला तर दुकानदाराला विचारा, ‘काका, एक दिवसाचे पैसे कमी करणार का?’